मेंदूला बसलेला मुका मार आणि पुढच्या रविवारची मॅच

एका आईने विचारलं आहे. मुलगा 17 वर्षांचा, बारावीत, दोन वर्षांपासून पुण्यातल्या एका क्लबकडून रग्बी सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांची रग्बी, खेळतो. गेल्या रविवारी टॅकल करताना, म्हणजे बॉल घेऊन धावणाऱ्याला धरून पाडताना, त्याचं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आपटलं. बेशुद्ध पडला नाही, पण पाच-सात मिनिटं ‘स्कोअर काय झाला?’ हेच परत परत विचारत होता. संध्याकाळी एक उलटी झाली. सीटी स्कॅन काढला, तो नॉर्मल आला. आज गुरुवार. डोकं अधूनमधून दुखतं, बाकी ‘मी ठणठणीत आहे’ असं तो म्हणतो. येत्या रविवारी स्पर्धा आहे आणि कोच म्हणतात, स्कॅन क्लिअर आहे ना, मग खेळू दे. खेळू द्यावं का? निदान ढोल पथकाच्या सरावाला तरी जाऊ द्यावं का? डोक्याला ती मऊ टोपी घेऊन दिली तर? आणि शेवटी, रग्बी बंदच करावी का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण रविवार तोंडावर आला आहे. नाही. या रविवारी त्याने खेळू नये, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं परिस्थितीप्रमाणे बदलतात, ती कशावर अवलंबून आहेत ते सांगते. मी पुण्यात स्पोर्ट्स मेडिसिनची प्रॅक्टिस करते. गेली 18 वर्षं फुटबॉल, कबड्डी आणि रग्बीच्या मैदानांवर टचलाइनला (कडेच्या रेषेपाशी) उभी राहते, आणि सोमवारी त्यातलीच काही मुलं दवाखान्यात तपासते. तुमच्या मुलाला मी तपासलेलं नाही. त्यामुळे हे त्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी धरू नका, त्यांच्याकडे जाताना काय विचारायचं ते ठरवायला वापरा.

तुमच्या प्रश्नाच्या पोटात खरा प्रश्न असा आहे: स्कॅन नॉर्मल म्हणजे मेंदूही नॉर्मल का?

आपल्याकडे ‘मुका मार’ हा फार नेमका शब्द आहे. कातडी फाटत नाही, रक्त येत नाही, एक्स-रेत हाड शाबूत दिसतं, आणि तरी आठ दिवस त्या पायावर भार देववत नाही. कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला मुका मार. मेंदू साधारण 1.4 किलोचा, घट्ट लागलेल्या दह्याइतका मऊ, कवटीतल्या द्रवात तरंगत असतो. डोक्याला झटका बसला, आणि त्यात मान गर्रकन फिरली, की कवटी थांबते पण आतला मेंदू क्षणभर मागे राहून पिळवटतो. पेशींचे लांब तंतू ताणले जातात. पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत घुसतं, आणि ही विस्कटलेली घडी परत बसवायला त्या पेशींना एरवीपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागते. नेमका त्याच दिवसांत मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. खर्च वाढला आणि आवक घटली, अशी ती अवस्था. डोकेदुखी, सुस्ती, चिडचिड, वाचताना ओळ सुटणं, हे सगळं त्या ओढाताणीतून येतं.

सीटी स्कॅन यातलं काहीच दाखवत नाही. तो रक्तस्राव शोधतो, कवटीचं फ्रॅक्चर शोधतो, मोठी सूज शोधतो. तुमचा मुलगा भांबावला होता, त्याला उलटी झाली होती, म्हणून स्कॅन काढला हे योग्यच केलंत. तातडीने ऑपरेशन लागेल असं आत काही नाही, एवढं त्या स्कॅनने सांगितलं. कन्कशन झालं की नाही, हे तो सांगू शकत नाही, आणि साधा एमआरआयसुद्धा सहसा सांगत नाही. ते ठरतं लक्षणांवरून आणि तपासणीवरून. डोक्याला मार लागल्यावर पाच-सात मिनिटं तोच प्रश्न परत परत विचारणं हे कन्कशनचं ढळढळीत लक्षण आहे. ‘बेशुद्ध पडला नाही’ या गोष्टीचा दिलासा मानू नका. कन्कशन झालेल्या दहा जणांपैकी नऊ जण बेशुद्ध पडतच नाहीत.

आता तो म्हणतो ठणठणीत आहे, मग अडवायचं कशासाठी? पहिल्या मारातून मेंदू बहुतेक वेळा पूर्ण सावरतो. काळजी आहे ती सावरत असताना बसणाऱ्या दुसऱ्या माराची. एक तर या दिवसांत प्रतिक्रिया द्यायला किंचित उशीर होतो, तोल किंचित ढळलेला असतो, त्यामुळे दुसरा मार बसण्याची शक्यताच वाढते. आणि तो बसला, तर आधीच ऊर्जेची तूट असलेल्या पेशींवर बसतो. मग 15 दिवसांत बरं होणारं दुखणं तीन-तीन महिने रेंगाळतं. क्वचित, फारच क्वचित, पण मुख्यतः विशीच्या आतल्या मुलांमध्ये, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं नियंत्रणच सुटतं आणि काही मिनिटांत मेंदू सुजतो. 2011 च्या जानेवारीत उत्तर आयर्लंडमध्ये बेंजामिन रॉबिन्सन हा 14 वर्षांचा मुलगा शाळेच्या रग्बी मॅचमध्ये असाच गेला. डोक्याला मार लागल्यावरही तो खेळत राहिला आणि मॅचच्या अखेरीस कोसळला. त्याच्या आई-वडिलांनी नंतर वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ‘शंका आली तर बाहेर काढा’ हा नियम ब्रिटनमध्ये शाळा आणि हौशी क्लबांपर्यंत पोहोचला, त्यामागे त्यांचे कष्ट आहेत. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. हे दुर्मीळ आहे. पण टाळणं पूर्णपणे आपल्या हातात असलेली इतकी गंभीर गोष्ट खेळात दुसरी मला ठाऊक नाही.

माझी स्वतःची एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका एकदिवसीय स्पर्धेत मी मैदानावर होते. एका मुलीचं डोकं पहिल्याच मॅचमध्ये दुसरीच्या खांद्यावर आदळलं. ती उठली आणि हसली. मी विचारलं, बरं वाटतंय का? म्हणाली, हो डॉक्टर. मी पाणी दिलं, सावलीत बसवलं. दोन तासांनी दुसरी मॅच होती. ती बूट घालायला बसली आणि नाडीची गाठ तिने तीनदा बांधली, तीनदा सोडली. ते मी पाहिलं होतं. आजही ती बोटं मला दिसतात. तेव्हा मला वाटलं, मुलगी घाबरली असेल. मी तिला उतरू दिलं. त्या मॅचमध्ये तिला फारसं काही लागलंही नाही, एक साधा टॅकल आणि एक पडणं, बस. पण त्यानंतर तिचं डोकं तीन महिने दुखत होतं. कॉलेजचं एक सेमिस्टर गेलं, खेळ कायमचा सुटला. ‘बरं वाटतंय का?’ हा प्रश्न ज्या अवयवाला विचारायचा, त्यालाच मार लागलेला असतो, हे मी त्या मुलीकडून शिकले.

सेव्हन्स म्हटल्यावर हा धोका वेगळं रूप घेतो. आपल्याकडे पंधरा जणांची रग्बी कमी आणि सेव्हन्स जास्त खेळली जाते. 2025 च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, तीही सेव्हन्सचीच, आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या बोलण्यात तेव्हापासून या खेळाचं नाव जास्त येतं. सेव्हन्समध्ये एरवी सात-सात मिनिटांचे दोन हाफ असतात. त्यामुळे एका दिवसात तीन मॅच सहज होतात. सकाळी साडेनऊला डोकं आपटलेला मुलगा साडेबाराला ‘आता बरं वाटतंय’ म्हणतो, आणि संघात बदली खेळाडू असतात जेमतेम दोन. कोचवर दबाव येतो, पोरगा स्वतःही हट्टाला पेटतो. म्हणून नियम सोपा ठेवावा लागतो: कन्कशनची शंका आली की त्या मॅचमधून, त्या दिवसातून आणि त्या स्पर्धेतूनच बाहेर. टीव्हीवर आंतरराष्ट्रीय मॅचमध्ये खेळाडूला बाहेर नेऊन 12 मिनिटांत तपासतात आणि कधीकधी परत पाठवतात, ते पाहून मुलं मला विचारतात, आम्हाला का नाही? त्या तपासणीमागे खास प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर असतात, तो क्षण सगळ्या कोनांतून दाखवणारे कॅमेरे असतात, मोसमाआधी घेतलेल्या चाचण्यांचे आकडे असतात. हौशी रग्बीत ती सोयच नाही, आणि वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचा नियमही हौशी खेळासाठी तसाच आहे: ओळखा आणि बाहेर काढा, त्या दिवशी परत नाही.

ओळखायचं कसं, हे मैदानावर उभ्या असलेल्या कुठल्याही पालकाला जमू शकतं. मी पाच साधे प्रश्न विचारते. आपण कुठल्या मैदानावर आहोत? आता कितवा हाफ चालू आहे? शेवटचा ट्राय (रग्बीतला गोल म्हणा) कुणी केला? आधीची मॅच कुणाशी झाली? ती आपण जिंकलो का? यातल्या एकाचंही उत्तर चुकलं की खेळ संपला. सगळी बरोबर आली म्हणून मात्र परवानगी मिळत नाही. उत्तरांपेक्षा मी त्याच्याकडे जास्त बघते: उठताना हात जमिनीला टेकून थांबला का, नजर कुठेतरी हरवली आहे का, माउथगार्ड उलटा घालायला गेला का, किक-ऑफच्या वेळी चुकून दुसऱ्याच जागी जाऊन उभा राहिला का. त्याच्याबरोबर रोज खेळणाऱ्या मुलांना हे आपल्याआधी कळतं. ‘मॅडम, हा आज वेगळाच वागतोय’ असं एखादा विंगर सांगतो, तेव्हा मी आणखी काही तपासत बसत नाही.

दवाखान्यात मी ‘स्कॅट 6’ नावाची तपासणी करते. 13 वर्षांपुढच्या खेळाडूंसाठी ती जगभर वापरतात, आणि मार लागल्यापासून पहिल्या 72 तासांत ती सगळ्यात उपयोगी पडते. दहा शब्द ऐकवून परत म्हणायला लावायचे. आकडे उलट्या क्रमाने म्हणायला सांगायचे. वर्षाचे महिने डिसेंबरपासून मागे. अनवाणी उभं राहून, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून, डोळे मिटून 20 सेकंद तोल सांभाळायचा. माझ्या खोलीत फरशीवर तीन मीटरची निळी टेप लावलेली आहे, तिच्यावरून टाचेला बोटं लावत जायचं आणि वळून यायचं. ठणठणीत म्हणवणारी मुलं त्या वळणावर हात पसरतात. इथे एक गोष्ट मी अनुभवातून सांगते. मराठी माध्यमातला मुलगा इंग्रजी महिने उलटे म्हणताना धडधाकट असतानाही अडखळतो, आणि मग त्याचं अडखळणं माराचं की भाषेचं, कळत नाही. म्हणून मी त्याला विचारते, तू मनातल्या मनात कुठल्या भाषेत मोजतोस? त्या भाषेत घेते. आणि क्लबांना सांगते की मोसम सुरू होण्याआधी, सगळे तंदुरुस्त असताना, प्रत्येकाची ही तपासणी एकदा करून कागदावर ठेवा. त्याला फक्त एक दुपार लागते.

आता किती दिवस थांबायचं, त्याकडे येऊ. ब्रिटनने 2023 मध्ये हौशी आणि शालेय खेळांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात मार लागला तो दिवस शून्य धरून 21 व्या दिवसाआधी स्पर्धेत खेळायचं नाही असं म्हटलं आहे. शिवाय धक्काबुक्कीचा सराव सुरू करण्याआधी सलग 14 दिवस विश्रांतीच्या अवस्थेत एकही लक्षण असता कामा नये. तुमच्या मुलाचं डोकं चौथ्या दिवशीही दुखतंय. समजा, ते परवा पूर्ण थांबलं. ते 14 दिवस तिथून मोजायचे. म्हणजे टॅकलचा सराव 20 व्या दिवसाच्या आसपास आणि मॅच त्यानंतर. डोकेदुखी आणखी आठवडाभर राहिली, तर सगळं आठवडाभर पुढे. या वयात पूर्ण सावरायला चार आठवड्यांपर्यंत लागू शकतात. तो आळशीपणा नाही की नाटकही नाही. मोठ्यांपेक्षा मुलांना वेळ जास्त लागतो, हे पालकांना उलटं वाटतं, म्हणून मुद्दाम सांगते.

या दिवसांत त्याने अंथरुणात पडून राहायचं नाही. पूर्वी आम्हीच अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवायला सांगायचो, ते आता बदललंय. पहिले 24 ते 48 तास निवांत, मोबाइल शक्य तितका कमी. नंतर चालायला सुरुवात. तुमच्या मुलाचे ते 48 तास झाले आहेत, तेव्हा आजपासून सकाळी 20 मिनिटं सपाटीवर चालू दे. सारसबागेत किंवा सोसायटीच्या आवारात, टेकडीवर नाही. 17 व्या वर्षी नाडीचा कमाल वेग ढोबळमानाने 203 धरा. सुरुवातीला मिनिटाला 112 च्या आसपास ठेवायचा, चार-पाच दिवसांत 140 पर्यंत न्यायचा. चालताना डोकेदुखी थोडी वाढली तर घाबरू नका. त्याला शून्य ते दहामध्ये आकडा सांगायला लावा. दोन आकड्यांपर्यंत वाढली आणि तासाभरात उतरली, तर चालतं. त्याहून जास्त वाढली तर त्या दिवशी थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी कमी करायचं. चालणं जमलं की हळू धावणं, मग एकट्याने बॉल घेऊन धावणं, मग संघाबरोबर पासिंग पण धक्का नाही. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. टॅकलच्या पायरीआधी डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासून परवानगी द्यायला हवी. मुलाला न बघता लिहून दिलेल्या फिटनेसच्या चिठ्ठीला मी काही किंमत देत नाही.

ढोल पथकाचं मन दुखावेल, पण सध्या नाही. कमरेला काही किलोंचा ढोल बांधून तास-दोन तास त्या दणदणाटात उभं राहायचं, हे मोठा आवाज सहन न होणाऱ्या मेंदूला फार जड जातं. डोकेदुखी पूर्ण थांबली आणि धावणं जमलं की सरावाला जाऊन तो दुरून पंधरा मिनिटं उभा राहून पाहू दे. त्रास झाला नाही तर पुढच्या आठवड्यात हळूहळू वादन. मिरवणुकीत वाजवायचंच असेल तर एखादा टप्पा वाजवावा, पूर्ण दिवस नाही.

क्लास आणि कॉलेजबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बारावीचं वर्ष आहे म्हणून सांगते. मैदानाच्या आधी अभ्यास जागेवर आला पाहिजे. अर्धा तास वाचून दहा मिनिटं डोळे मिटून बसणं, पहिल्या आठवड्यात क्लासची एकच बॅच, टेस्ट पुढे ढकलून घेणं, एवढं शिक्षकांना सांगा. बहुतेक ऐकतात, आम्हीही तशी चिठ्ठी देतो. दुचाकी त्याला अजिबात देऊ नका. आपल्या रस्त्यांवर खड्डा चुकवायला जो क्षण लागतो, नेमका तोच क्षण त्याच्याकडे सध्या कमी आहे. मागे बसतानाही हेल्मेट. झोप भरपूर. घरात कुणी सांगेल की डोक्याला मार लागलेल्याला झोपू देऊ नका. डॉक्टरांनी तपासल्यावर, धोक्याचं लक्षण नसताना, झोप हेच औषध आहे. डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल पुरेसं आहे. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन असतं. मार लागल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत, आत रक्तस्राव नाही याची खात्री होईपर्यंत, ते आणि ॲस्पिरिन टाळायचं असतं. मात्र रोज दोन-दोन वेळा गोळी घेऊन दुखणं अंगावर काढायची सवय लावू नका. गोळीने झाकलेली डोकेदुखी ही गेलेली डोकेदुखी नसते, आणि तो 14 दिवसांचा हिशोब गोळीशिवायचा आहे.

एवढं सगळं बाजूला ठेवून कधी धावायचं, तेही लक्षात ठेवा. डोकेदुखी कमी होण्याऐवजी वाढत चालली, परत परत उलट्या झाल्या, फिट आली, एका बाजूचा हात-पाय जड झाला किंवा मुंग्या आल्या, दोन-दोन दिसू लागलं, उठवूनही नीट जागा होत नसेल, बडबड असंबद्ध वाटली, नाका-कानातून पाण्यासारखा द्रव आला, तर आधीचा स्कॅन नॉर्मल होता याचा विचार न करता 108 ला फोन करा, किंवा जिथे सीटी आणि न्यूरोसर्जन दोन्ही आहेत अशा हॉस्पिटलमध्ये न्या. आणि मैदानावर कुणी पडून हलत नसेल, तर चार जणांनी हातापायांना धरून त्याला टचलाइनला आणायचं नाही. हे मी दर मोसमात पाहते. डोक्याला जोरात मार लागलेल्याच्या मानेलाही लागलेलं असू शकतं. एकाने डोकं दोन्ही हातांनी जसं आहे तसं स्थिर धरायचं, खेळ थांबवायचा, तोंडात पाणी ओतायचं नाही, मदत येईपर्यंत तिथेच.

ती मऊ टोपी, म्हणजे स्क्रम कॅप. तिचा फोम जास्तीत जास्त एक सेंटिमीटर जाड असतो. कान सोलवटणं, कपाळ फुटणं, टेंगूळ येणं यापासून ती वाचवते. पण मेंदू कवटीच्या आत पिळवटतो ते डोक्याच्या झटक्याने, आणि तो झटका टोपी थांबवत नाही. ऑस्ट्रेलियात कुमार खेळाडूंवर केलेल्या मोठ्या अभ्यासातही टोपी घालणाऱ्यांची कन्कशनं कमी झालेली दिसली नाहीत. हवी तर घ्या, कानांसाठी घ्या. टोपी आहे म्हणून मुलगा डोकं जास्त बिनधास्त घालू लागला, तर मात्र नुकसानच. माउथगार्ड सक्तीचा करा, दातांसाठी तो हवाच.

खरा फरक पडतो टॅकलच्या शिकवणीने. रग्बीतली बहुतेक कन्कशनं टॅकलमध्ये होतात, आणि त्यातही टॅकल करणाऱ्याला जास्त. ज्याच्यावर झडप घातली त्याच्यापेक्षा झडप घालणारा धोक्यात असतो. इंग्लंडने 2023 पासून हौशी खेळात टॅकलची उंची छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत आणली, फ्रान्सने 2019 पासूनच कमरेपर्यंत. डोक्याला डोकं भिडू नये हा हेतू, आणि तो बरोबर आहे. पण तुमच्या मुलाचं डोकं गुडघ्यावर आपटलं, म्हणजे त्याचा टॅकल खाली होता. डोकं चुकीच्या बाजूला गेलं. कबड्डीत अँकल होल्डला वाकणाऱ्या पोराच्या तोंडावर रेडरचा गुडघा बसतो, तोच प्रकार. बाजूने टॅकल करताना डोकं धावणाऱ्याच्या पुढून नाही, पाठीमागून जायला हवं. गाल त्याच्या कुल्ल्याला चिकटलेला, डोळे उघडे, मान ताठ, शेवटचं पाऊल जवळ टाकलेलं. दुरून सूर मारणारा मुलगा शेवटच्या क्षणी डोळे मिटतो आणि डोकं कुठे जाईल ते नशिबावर सोडतो. कोचना विचारा की आठवड्यातून किती वेळ ते फक्त हे शिकवतात, गुडघ्यावर बसून, मग चालत, मग धावत. दुसरं विचारा, वॉर्म-अप काय घेता? वर्ल्ड रग्बीचा ‘ॲक्टिव्हेट’ नावाचा सुमारे 20 मिनिटांचा व्यायामक्रम फुकट उपलब्ध आहे. त्यात मानेचे आणि तोलाचे व्यायाम आहेत. इंग्लंडमधल्या शाळकरी संघांनी तो आठवड्यातून तीनदा केला, तिथे कन्कशनचं प्रमाण जवळपास 60 टक्क्यांनी कमी आढळलं. एकही रुपया न खर्चता मिळणारं इतकं संरक्षण मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

आता तुमचा अवघड प्रश्न, रग्बी बंद करावी का. 2003 चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड संघातला स्टीव्ह थॉम्पसन याने 2020 मध्ये सांगितलं की त्याला लवकर स्मृतिभ्रंश झालाय आणि तो विश्वचषक जिंकल्याचंच त्याला आठवत नाही. स्कॉटलंडच्या 412 माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंच्या 2022 च्या अभ्यासात मेंदू झिजण्याच्या आजारांचा धोका इतरांपेक्षा सुमारे अडीच पट दिसला. हे तुमच्यापासून लपवणार नाही. पण ती माणसं वर्षानुवर्षं, सगळ्यात वरच्या पातळीवर, आठवड्यामागून आठवडा डोक्याला धक्के घेत खेळली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या काळात मार लागल्यावर बाहेर काढायची पद्धतच नव्हती. आठवड्यात दोनदा सराव आणि मोसमात काही स्पर्धा खेळणाऱ्या मुलाला तोच आकडा लावता येत नाही. नीट सांभाळलेलं एक कन्कशन हे खेळ सोडायचं कारण नाही, असं माझं मत आहे. हेच दुसरं किंवा तिसरं असेल, प्रत्येक वेळी सावरायला आधीपेक्षा जास्त दिवस लागत असतील, किंवा आधीपेक्षा हलक्या धक्क्याने लक्षणं येऊ लागली असतील, तर मी स्वतः बसून थांबायचा सल्ला देते. त्याला अर्धशिशी आहे का, आधी नैराश्याचा त्रास झालाय का, हेही बघावं लागतं, कारण मग सावरणं लांबतं. आणि चौथा आठवडा उलटूनही डोकं दुखत असेल, तर नुसती वाट पाहू नका. पुष्कळदा दुखणं मानेत किंवा तोलाच्या यंत्रणेत अडकलेलं असतं, आणि ते व्यायामांनी सुटतं.

शिवाय हे क्लबवरही अवलंबून आहे. मार लागल्यावर मुलाला बाहेर काढणारा, वरच्या दोन प्रश्नांना सरळ उत्तर देणारा कोच असेल, तर त्याच्या हाती मी माझं स्वतःचं मूल देईन. तुमचे कोच स्कॅन क्लिअर आहे म्हणाले म्हणून ते बेफिकीर आहेत असं लगेच धरू नका. आपल्याकडे बहुतेक कोच नोकरी सांभाळून, खिशातले पैसे घालून मुलांना शिकवतात, आणि स्कॅनबद्दलचा हा गैरसमज मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकला आहे. त्यांना हे समजावून सांगा. समजावल्यावर ते काय करतात, त्यावरून ठरवा.

आणि त्यांना आजच, गुरुवारीच कळवा. शनिवारी रात्री कळवलंत तर दुसरा मुलगा शोधायला त्यांना वेळ उरणार नाही, आणि मग रविवारी सकाळी ‘फक्त दुसऱ्या हाफला उतरवतो’ असा फोन येईल. मुलाला कोचशी स्वतः बोलायला लावू नका, संघाला दगा दिल्यासारखं वाटून तो माघार घेईल. तुम्ही बोला. त्याला वाटलं तर रविवारी तासभर मैदानावर जाऊ दे, सावलीत, टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन. कोचना सांगा, त्याच्या हाती वही द्या. आपल्या संघाच्या प्रत्येक टॅकलला डोकं पुढून गेलं की मागून, तेवढंच त्याने लिहायचं. डोकं दुखायला लागलं की तुम्ही त्याला घरी घेऊन या.